तळोज्याच्या वर्गातले हिमफूल

डिसेंबर महिना लागला की शाळाशाळांतून वर्ग सजवण्याची धांदल सुरू होते. कुठे स्नेहसंमेलन असते, कुठे नाताळ, कुठे नव्या वर्षाचे स्वागत. आणि पाठोपाठ संक्रांत येतेच. दारावर पताका लागतात, खिडकीच्या गजांवर कापूस पसरला जातो आणि भिंतीवर कागदातून कातरलेली पांढरी, जाळीदार फुले चिकटवली जातात. ही कसली फुले, असे विचारले तर मुले सांगतात, "ही बर्फाची फुले!"

आता तळोज्याचीच गोष्ट घ्या. पनवेल तालुक्यातले, खाडीपासून फारसे दूर नसलेले, सखल कोकणपट्टीतले हे गाव. इथली थंडी म्हणजे पहाटे अंगावर घ्यावी लागणारी शाल, कारखान्यांच्या पत्र्यांवर साचलेले दव आणि कोवळ्या उन्हाची ओढ. हिम इथे पडत नाही. तेव्हा ही फुले कातरणाऱ्या बहुतेक मुलांनी खरे हिमफूल पाहिलेले नसते. छापील भेटकार्डावर किंवा दुकानातल्या सजावटीवर जसे दिसले तसे ते कापतात.

तुमच्या वर्गात अशी फुले लावली असतील, तर उठा आणि त्यांचे हात मोजा. पुष्कळ फुलांना चार हात निघतील, काहींना आठ. निसर्गातल्या हिमफुलाला मात्र चार किंवा आठ हात नसतात. त्याला असतात सहा. म्हणजे आपण ज्या फुलाने वर्ग सजवला, ते फूल या पृथ्वीवर कुठेही पडत नाही!

ही चूक सुधारायला पैसा लागत नाही. कागदाला एक निराळी घडी घालायची, एवढेच. पण ती घडी घालताना 'सहाच का?' असा प्रश्न मनात यायला हवा. त्याचे उत्तर शोधता शोधता आपण थंडीतली तीन स्वस्त शोभेची कामे पाहू. पहिले कागदाचे, दुसरे तुरटीचे आणि तिसरे आपल्या संक्रांतीच्या हलव्याचे. या तिन्ही गोष्टी एकच धडा शिकवतात. वस्तूचा बाहेरचा आकार हा पुष्कळदा तिच्या आतल्या रचनेवरून आणि तिच्या वाढीच्या वेगावरून ठरतो.

गार निराळी, हिम निराळे

महाराष्ट्रात आकाशातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपाने. गार हातात घेऊन पाहिली तर ती ओबडधोबड गोळीसारखी दिसते. तिला कोन नसतात. याचे कारण तिच्या जन्मात आहे. गडगडाटी ढगात पाण्याचे अतिशीत थेंब एकमेकांवर आदळून गोठतात, थरावर थर चढतात आणि गार मोठी होते. मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखे थर दिसतात.

हिमफुलाचा जन्म असा होत नाही. ते थेंब गोठून मोठे होत नाही. हवेतली वाफ द्रवरूप न होता सरळ एका सूक्ष्म हिमकणावर घनरूपाने बसते. कापूर किंवा डांबराच्या गोळ्या न वितळता हवेत उडून जातात, या क्रियेला आपण संप्लवन म्हणतो. हिमफुलाची वाढ ही त्याच्या उलट क्रिया होय. वाफेतला एकेक रेणू येतो आणि आधीच्या रेणूंशेजारी नेमक्या जागी बसतो. शिस्तीने उभ्या राहिलेल्या कवायतीच्या रांगेत नवा मुलगा येऊन उभा राहावा, तसे हे होते.

याचा धाकटा भाऊ पाहायचा असेल तर जुन्या पद्धतीच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याकडे पाहा. त्याच्या भिंतीवर जो पांढरा, भुसभुशीत थर साचतो, तो वाफेपासूनच तयार झालेला असतो. भिंगातून पाहिल्यास त्यात बारीक सुया आणि चकत्या चमकताना दिसतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरातही एखाद्या कडाक्याच्या थंडीत पहाटे पानांवरचे दव गोठून पांढरा थर पसरलेला दिसतो. पण पूर्ण वाढलेले सहा हातांचे हिमफूल पाहायचे, तर हिमालयाकडेच जावे लागेल. नाहीतर कात्री हातात घ्यावी लागेल.

पहिले काम : कागदाचे हिमफूल

साहित्य अगदी साधे आहे. रद्दी वर्तमानपत्र किंवा जुन्या वहीतले पातळ कागद, एक कात्री, एक ताटली आणि पेन्सिल. पतंगी कागद मिळाला तर फारच छान. रंगही मिळतात आणि कापायलाही तो मऊ असतो. जाड कार्डाचा कागद मात्र घेऊ नका. शेवटी बारा पदर एकदम कापायचे आहेत.

आधी नेहमीची घडी कशी चुकते ते पाहू. कागद अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा, की ३६० अंशांचे आठ भाग होतात आणि ४५ अंशांची निमुळती घडी हातात येते. कापून उलगडले की चार किंवा आठ हातांचे फूल मिळते. आणखी एकदा अर्धे केले तर सोळा भाग होतील. म्हणजे नुसते अर्धे-अर्धे करत राहिलात तर २, ४, ८, १६ असेच आकडे मिळणार. सहा कधीच मिळणार नाही. सहा हवे असतील तर कुठेतरी तीन समान भाग करावे लागतात. चूक होते ती इथेच, कारण तीन समान भाग अंदाजाने करणे अवघड असते. पण भूमितीची थोडी मदत घेतली तर कोनमापकाशिवायही ते अचूक जमते.

१. ताटली उपडी ठेवून कागदावर वर्तुळ आखा आणि कापून घ्या.

२. वर्तुळाची अर्धी घडी घाला. आता अर्धवर्तुळ मिळाले. त्याच्या सरळ कडेच्या टोकांना 'क' आणि 'ख' म्हणू, आणि मधल्या बिंदूला 'म' म्हणू. 'म' हा वर्तुळाचा मध्य. तो शोधायला 'क' टोक 'ख' टोकावर आणून सरळ कडेवर किंचित चिमटा घ्या, खूण उमटेल.

३. 'क' टोक उचलून 'म' वर ठेवा आणि घडी दाबा. मग ती उलगडा. एक उभी रेघ उमटलेली दिसेल. ही रेघ वरच्या गोल कडेला जिथे मिळते, त्या बिंदूला 'प' म्हणा.

४. आता 'म' आणि 'प' यांना जोडणाऱ्या रेषेवर घडी घालून 'क' कडचा भाग पुढे आणा. मग 'ख' कडचा उरलेला भाग मागच्या बाजूला दुमडा. दोन्ही कडा जुळल्या की सहा पदरांचा, ६० अंशांचा पंखा तयार होतो.

५. हा पंखा मधोमध आणखी एकदा दुमडा. आता बारा पदरांची, ३० अंशांची घडी तुमच्या हातात आहे.

६. टोकाकडची मध्याची बाजू शाबूत ठेवून दोन्ही सरळ कडांवर आणि गोल कडेवर मनाजोगते तुकडे कापा. हळूच उलगडा. सहा हातांचे फूल तयार!

तिसऱ्या पायरीतली घडी का बरोबर येते, हे तुम्ही स्वतःच सिद्ध करू शकता. उभी रेघ 'क म' या त्रिज्येच्या बरोबर मधून गेली आहे आणि तिला लंब आहे. त्यामुळे 'प' हा बिंदू 'क' पासून आणि 'म' पासून सारख्याच अंतरावर आहे. शिवाय 'म प' ही त्रिज्याच आहे आणि 'म क' हीसुद्धा त्रिज्याच. म्हणजे 'क म प' या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू समान झाल्या. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. पुस्तकातला सिद्धांत इथे कात्रीच्या टोकाशी येऊन बसला.

उलगडलेले फूल नीट पाहा. तुम्ही एका कडेला एकच खाच कापली असेल, तरी ती फुलात बारा ठिकाणी अर्धी-अर्धी उमटते आणि जोडीजोडीने मिळून सहा ठिकाणी दिसते. फूल ६० अंशांतून फिरवले तर ते जसेच्या तसे दिसते. याला सममिती म्हणतात.

निसर्ग सहाच का निवडतो?

हा प्रश्न जगातल्या एका थोर शास्त्रज्ञाला चारशे वर्षांपूर्वी पडला होता. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा योहानेस केप्लर तेव्हा प्राग शहरात होता. पुलावरून जाताना त्याच्या कोटावर हिमाचे कण पडले, आणि त्या सगळ्यांना सहाच कोन का, पाच किंवा सात का नाहीत, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला. त्यावर त्याने एक छोटीशी पुस्तिका लिहिली आणि आपल्या एका आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून दिली. ती १६११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात त्याने मधाच्या पोळ्याची घरे, डाळिंबाचे दाणे आणि एकावर एक रचलेले गोळे यांचा विचार केला. अखेर खात्रीचे उत्तर त्याला मिळाले नाही, आणि हे कोडे त्याने रसायनशास्त्रज्ञांवर सोपवले. तेव्हा अणू-रेणूंचे ज्ञानच नव्हते. आतली वीटच माहीत नसताना घराचा आकार कसा सांगणार?

केप्लरच्या वाटेने दोन पावले आपणही चालू. कॅरमच्या सोंगट्या घ्या. एक मध्ये ठेवा आणि तिला चिकटून बाकीच्या मांडा. बरोबर सहा बसतात. सातवीला जागा उरत नाही आणि पाच ठेवल्या तर फट राहते. सारख्या आकाराच्या गोल वस्तू दाटीने मांडल्या की सहाचा आकडा आपोआप येतो.

पण इथे थांबू नका. बर्फातले रेणू असे दाटीने बसलेले नसतात. तसे असते तर बर्फ पाण्यात बुडाला असता. सरबतातला बर्फ तर तरंगतो! याचा अर्थ बर्फाची रचना पाण्याहून विरळ आहे. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १ ग्रॅम, तर तेवढ्याच बर्फाचे सुमारे ०.९२ ग्रॅम. तेव्हा बर्फातल्या सहाचे कारण निराळे असले पाहिजे.

ते कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१२ साली माक्स फॉन लाऊए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवण्यात आले आणि त्यांचे ठिपक्यांचे चित्र मिळाले. लगोलग विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी अशा ठिपक्यांवरून स्फटिकातल्या अणूंच्या जागा काढण्याची रीत बसवली. या रीतीने पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत बर्फाची रचना उलगडली.

पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन अणू आणि दोन हायड्रोजन अणू असतात. ते सरळ रेषेत नसतात. त्यांच्यात सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. बर्फ होताना प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरतो. दोन हात स्वतःच्या हायड्रोजनांचे, आणि दोन शेजाऱ्यांनी आपल्याकडे केलेले. असे धरत गेले की सहा-सहा रेणूंची कडी तयार होतात आणि कड्यांना कडी जोडली जातात. मध्ये पोकळी राहते, म्हणून बर्फ हलका. कड्यांना सहा बाजू, म्हणून हिमफुलालाही सहा बाजू. एकाच कारणाने बर्फ तरंगतो आणि हिमफूल षट्कोनी होते, ही केवढी गमतीची गोष्ट आहे!

मग सहा हात कुठून फुटतात? सुरुवातीला हिमकण म्हणजे एक चिमुकली षट्कोनी चकती असते. तिचे सहा कोपरे बाहेर डोकावत असल्याने त्यांना वाफ आधी मिळते आणि ते जास्त वाढतात. वाढले की आणखी पुढे येतात, आणखी वाफ मिळते. अशा रीतीने सहा फांद्या फुटतात आणि त्यांना उपफांद्या. हवेत वाफ कमी असेल तर वाढ सावकाश होते आणि चकती साधीच राहते. वाफ भरपूर असेल तर वाढ घाईने होते आणि जाळीदार फूल बनते. सहाही हात काही मिलिमीटरच्या जागेत एकत्र प्रवास करतात, त्यांना एकाच वेळी एकसारखी हवा लागते, म्हणून ते सहसा एकमेकांसारखे दिसतात. शेजारच्या फुलाची वाट थोडी निराळी, म्हणून त्याची नक्षीही निराळी.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला विल्सन बेंटली हा शेतकरी १८८५ पासून सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमफुलांची छायाचित्रे घेत राहिला. आयुष्यभरात त्याने पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत सशाच्या केसावर कृत्रिम हिमफूल वाढवले. कोणत्या तापमानाला आणि किती बाष्पात कोणता आकार येतो, हे त्यांनी पद्धतशीरपणे मांडले. उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाळीदार फुले येतात, तर उणे ५ अंशांच्या आसपास बारीक सुया आणि खांब. म्हणजे जमिनीवर आलेले हिमफूल वरच्या हवेचा वृत्तांतच घेऊन आलेले असते.

दुसरे काम : तुरटीची चांदणी

कागदाचे फूल आपण कातरले. आता आपोआप वाढणारी सजावट करू. यासाठी तुरटी लागेल. दाढीनंतर लावतात ती, काचेसारखी पारदर्शक खड्याची तुरटी घ्या. किराणा दुकानात ती स्वस्त मिळते.

खराट्याचे तीन हीर घ्या आणि ते मधोमध एकमेकांवर असे बांधा की सहा सारखे हात होतील. वर लोकरीचा किंवा जाड सुताचा दोरा गुंडाळा. आपली सहा हातांची चांदणी झाली. एका पेल्यात (सुमारे २०० मिलिलिटर) चांगले गरम पाणी घ्या. हे काम शिक्षकांच्या किंवा घरातल्या मोठ्यांच्या हातून व्हावे. त्यात ८० ते ९० ग्रॅम तुरटीची पूड ढवळून विरघळवा, फडक्यातून गाळा आणि रुंद तोंडाच्या बरणीत ओता. चांदणी दोऱ्याने काडीला बांधून अशी सोडा, की ती बुडेल पण तळाला टेकणार नाही. वर कागद झाका आणि रात्रभर हलवू नका.

सकाळी चांदणीवर चकाकणारे खडे जमलेले दिसतील. असे का व्हावे? २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १२ ग्रॅम तुरटी विरघळते. ६० अंशांना तिच्या चौपटीहून अधिक विरघळते. द्रावण थंड होऊ लागले की पाण्याला तेवढी तुरटी पेलवत नाही. द्रावण अतिसंपृक्त होते आणि जादा तुरटी दोऱ्याच्या खरबरीत तंतूंवर स्फटिकरूपाने बसते.

आता भिंग घ्या आणि एकेक खडा निरखा. चांदणीला सहा हात आहेत. ते आपण दिले. पण तिच्यावरच्या खड्यांना षट्कोनी चकतीचा आकार नाही. नीट वाढलेल्या खड्यावर तुम्हाला समभुज त्रिकोणासारखे पैलू दिसतील. असे आठ पैलू मिळून दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखा आकार होतो. त्याला अष्टफलक म्हणतात. तुरटीच्या आतली मांडणी बर्फापेक्षा निराळी, म्हणून तिचा आकारही निराळा. उरणच्या बाजूच्या मिठागरांतले जाडे मीठ भिंगाखाली धरा. तिथे घनाकृती दाणे दिसतील. बर्फ, तुरटी, मीठ; तिघांचे आकार तीन. आपण सांगितलेले ते ऐकत नाहीत. आतल्या रचनेचे ऐकतात.

एकच मोठा, स्वच्छ खडा हवा असेल तर घाई करून चालत नाही. १०० मिलिलिटर गरम पाण्यात २० ग्रॅमच तुरटी विरघळवा, गाळा आणि थंड होऊ द्या. थोडे द्रावण बशीत रात्रभर ठेवून मिळणाऱ्या खड्यांतला सर्वांत नितळ खडा निवडा. हा आपला बीजस्फटिक. तो बारीक दोऱ्याने बांधून, निवळलेल्या गार द्रावणात टांगा आणि एक-दोन आठवडे थांबा.

तळोज्यासारख्या ठिकाणी इथे एक अडचण येते. हिवाळ्यात रात्र गार आणि दुपार उबदार असते. रात्री वाढलेला खडा दुपारी थोडा विरघळतो, त्याच्या कडा बोथट होतात. म्हणून बरणी उन्हाच्या खिडकीत न ठेवता जाड फडक्यात गुंडाळून, खोक्यात घालून, वर्गाच्या गार कोपऱ्यात ठेवा. तयार चांदणी विजेच्या दिव्याजवळ टांगू नका. तुरटी ९२ अंश सेल्सिअसच्या सुमारास स्वतःतल्याच पाण्यात वितळू लागते. तुरटीचे पाणी चाखायचे नाही, आणि काम झाल्यावर हात धुवायचे, हे सांगायला नकोच.

तिसरे काम : हलव्याचा काटा

हिम आपल्याकडे नसेल, पण थंडीतली खास सजावट आपल्याकडेही आहे. आणि तीही स्फटिकांचीच! संक्रांतीला नव्या सुनेला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालतात. लहान बाळाच्या बोरन्हाणालाही मुकुट, हार, बासरी असे दागिने हलव्याचेच असतात. पांढऱ्याशुभ्र, काटेरी दाण्यांचे हे दागिने काळ्या कापडावर चांदण्यांसारखे खुलून दिसतात.

हलवा कसा करतात ते घरात आजीला विचारा. परातीत तीळ किंवा साबुदाणा घेऊन मंद आचेवर ठेवतात. त्यावर साखरेचा पाक अगदी थोडा-थोडा टाकतात आणि दाणे हाताने सतत फिरवत राहतात. पाण्याची वाफ होते, साखर दाण्यावर बसते आणि तासनतास चाललेल्या या कामातून काटे उभे राहतात.

आता खडीसाखरेचा खडा आणि हलव्याचा दाणा शेजारी ठेवा. दोन्ही साखरच. खडीसाखरेला सपाट, तिरकस पैलू आहेत आणि कधीकधी मध्ये दोराही सापडतो. आपल्या तुरटीसारखीच ती दोऱ्यावर सावकाश वाढलेली असते. हलव्यातली साखर झटपट सुकलेली असते. एक मोठा स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही. असंख्य बारीक स्फटिकांची गर्दी एकमेकांना चिकटते. म्हणून हलव्याच्या काट्यांचा आकडा ठरलेला नसतो. कुठे दहा, कुठे पंधरा. सावकाश वाढ झाली तर सपाट पैलू, घाई झाली तर काटे आणि फांद्या. हिमफुलाच्या बाबतीत हेच पाहिले होते, ते आठवते ना?

पाक अंगावर उडाला तर वाईट भाजते. म्हणून वर्गात हलवा करू नका. तयार हलवा आणून तो दोऱ्यात गुंफा आणि काळ्या कार्डावर लावा.

ही कामे थंडीतच का?

'थंडीत हलव्याला काटा चांगला येतो' हे घरातल्या बायकांना अनुभवाने ठाऊक असते. त्यामागचे कारण मोजून पाहू. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असा वर्ग घेतला, तर त्यातली हवा १४४ घनमीटर भरते. त्यात ४ किलोग्रॅमहून अधिक पाणी वाफेच्या रूपात मावते. पावसाळ्यात समुद्राकडून येणारा वारा ही जागा जवळजवळ भरून टाकतो. मग पाक सुकत नाही, हलवा चिकट होतो आणि कागदाचे तंतू ओलावा पिऊन फुले मान टाकतात. हिवाळ्यात वारा जमिनीवरून येतो. दुपारची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असली, तर त्याच वर्गात पावणेदोन किलोग्रॅमच्या आसपासच बाष्प असते. उरलेली जागा रिकामी असते, म्हणून पाणी भराभर उडते.

आणि थर्मोकोल? त्याचा तयार, गुळगुळीत हिमगोळा क्षणात विकत मिळत असे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या कित्येक वस्तूंबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे. थर्मोकोलचा बराचसा भाग हवाच असतो. त्यामुळे तो वाऱ्याने उडतो, नाल्यात तरंगतो आणि बारीक मणी होऊन खाडीत पोचतो. कुजत मात्र नाही. तळोज्याजवळून कासाडी नदी वाहते, ती पुढे खाडीला मिळते. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या या नदीच्या वाट्याला आधीच पुष्कळ भार आहे. त्यात आपल्या सजावटीची भर कशाला? आपला कागद रद्दीत जातो आणि तुरटी पाण्यात विरघळवून पुढच्या वर्षी पुन्हा स्फटिक करता येते.

शिक्षकांनी ही कामे दोन तासिकांत विभागावी. पहिल्या तासिकेत घडी, सिद्धता आणि कातरकाम. दुसऱ्या तासिकेत भिंगाने बर्फ, तुरटी, मीठ आणि खडीसाखर यांची तुलना. आदल्या दिवशी तुरटीची चांदणी लावून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती बरणीतून बाहेर काढण्याचा मान एखाद्या विद्यार्थ्याला द्यावा. भिंतीवर फुले लावताना प्रत्येकाखाली 'सहा का?' याचे उत्तर मुलांनी स्वतःच्या एका वाक्यात लिहावे. पाहुणे आले की फुलांपेक्षा ती वाक्येच जास्त वेळ वाचतील.

आता तुमच्यासाठी काही प्रश्न :

१. सदाफुलीला पाच पाकळ्या असतात. कागदातून पाच हातांचे सममित फूल कातरायचे असेल तर शेवटची घडी किती अंशांची हवी? कितीही हातांच्या फुलासाठी उपयोगी पडेल असे सूत्र लिहा.

२. सारख्या षट्कोनी फरशा फट न ठेवता जमिनीवर बसतात. सुसम पंचकोनी फरशा का बसत नाहीत? कार्डातून कापून पाहा. (नेहमीच्या स्फटिकांत पाचाची सममिती आढळत नाही, ती याच कारणाने. १९८२ साली डॅन शेख्टमन यांना एका मिश्रधातूत ती प्रथम दिसली आणि २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.)

३. तुरटीचे दोन सारखे पेले करा. एक गार पाण्याच्या थाळीत ठेवून झटकन थंड करा, दुसरा फडक्यात गुंडाळून सावकाश थंड होऊ द्या. कोणत्या पेल्यातले खडे मोठे झाले? का?

४. बाजारातली दहा भेटकार्डे किंवा सजावटीची चित्रे जमवा. त्यांतल्या किती हिमफुलांना सहा हात आहेत, ते मोजून तक्ता करा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला बहुधा आश्चर्यात टाकील. तेव्हा यंदा कात्री हातात घ्याल, तेव्हा आधी त्रिज्येचा मध्य शोधा. हिम न पडणाऱ्या गावातले फूलही खरे असू शकते.